आरसा नको, शिंपी दाखव

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा बावीस वर्षांचा, घर नंदनवनात, कॉलेजचं शेवटचं वर्ष. खोलीचं दार लावून ड्रॅग करतो, म्हणजे बाईचं जरा वाढवून रंगवलेलं रूप घेऊन सादरीकरण करतो. ब्लाऊज इतवारीतल्या एका शिंप्याकडून शिवून घेतो आणि ‘गॅदरिंगसाठी पाहिजे’ असं सांगतो. मित्राकडे बरा कॅमेरा असलेला फोन आहे. दोघांना मिळून दहा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. त्याने विचारलंय की ही खरंच कला आहे की नुसतं नटणं, गोष्ट कोणती सांगावी, नागपुरात याला काही आधार आहे का, आणि घरी कळलं तर काय. सोबत गोष्टीचा आराखडाही पाठवलाय. मुलगा आरशासमोर बसतो, मेकअप करतो, गाण्यावर नाचतो, शेवटी विग काढतो, चेहरा पुसतो आणि रडतो.

मी नागपुरात नाटकांची रंगभूषा करतो, स्वतः ड्रॅग करतो, आणि मित्रमंडळी जमवून लघुपटही करत आलो आहे. म्हणून आराखड्यातल्या त्या शेवटापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे.

तो शेवट काढून टाक. आरशासमोर विग उतरवण्याचा शॉट ड्रॅगवरच्या इतक्या लघुपटांत आला आहे की प्रेक्षक त्याची वाटच पाहत बसलेला असतो. पण जुना झालाय एवढीच माझी तक्रार असती तर तुला थांबवलं नसतं. तो शॉट चुकीचं काहीतरी शाबीत करतो. विगखालचा मुलगा खरा, वर बसवलेली बाई खोटी, आणि खोटं उतरलं की दुःख दिसतं, असं तो प्रेक्षकाला सांगतो. तू तर लिहिलंस की ती झाल्यावर तुला जे बोलता येतं ते दिवसा बोलता येत नाही. मग खोटं कोण? जे दिवसा बोलता येत नाही ते जिच्या तोंडून निघतं, तिला तुझाच सिनेमा शेवटच्या मिनिटाला पुसून टाकतो, आणि समोरचा प्रेक्षक ‘बिचारा’ म्हणून सुटतो. त्याची कणव घेऊन तू काय करणार? त्याने तुझं काम पाहायला हवं.

आता काम म्हणजे काय, ते. ‘ही कला आहे का’ हा तुझा प्रश्न आपल्याकडे नव्याने विचारण्याची गरज नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले, १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी, १९१९ साली ‘एकच प्याला’मध्ये सिंधू. घरंदाज बायकांनी त्यांचं बघून पदर घेतला, अंबाडा घातला, गजरा माळला. एका पुरुषाने बाईचं रूप इतकं मन लावून घडवलं की खऱ्या बायका ते रूप घेऊ लागल्या. मात्र एक सावधगिरी पाळ. बालगंधर्वांना किंवा त्या काळातल्या इतर स्त्रीपार्टी नटांना आजच्या ओळखींच्या रकान्यात बसवू नकोस. त्या वेळी रंगभूमीवर कुलीन स्त्रिया येत नव्हत्या म्हणून पुरुष ती कामं करत, आणि त्यांचा सगळा प्रयत्न सांधा दिसू नये असा होता. ड्रॅग मुद्दाम सांधा दाखवतं. पापण्या जरा जास्तच लांब, कंबर जरा जास्तच बारीक, आवाज मध्येच खर्जात उतरतो आणि प्रेक्षक खदखदून हसतो, कारण त्यालाही सगळं माहीत असतं. त्यांच्याकडून कसब घे. हेतू तुझा वेगळा आहे.

खरं सांगायचं तर ड्रॅगचं आपल्या भागातलं जवळचं नातं संगीत नाटकाशी नाही, खडी गंमत या गावाकडच्या लोकनाट्याशी आहे. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तिथे दंडार हा लोकनाट्याचा दुसरा प्रकार होतो, खडी गंमत होते. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, आणि साडी नेसून पायात चाळ बांधलेला नाच्या. चारी बाजूंनी माणसं उभी असतात, पडदा नसतो, विंग नसते. नाच्या समोरच्या पाटलाची फिरकी घेतो, एखाद्या नवऱ्या मुलाला लाजवतो, कोणी मध्येच काही बोललं तर त्याला जागेवर उत्तर देतो. न्यूयॉर्क-लंडनच्या क्लबात ड्रॅग क्वीन माईक हातात घेऊन हेच करते. तू इंटरनेटवर परदेशी स्पर्धांचे व्हिडिओ पाहून शिकलास, त्यात वावगं काही नाही, मेकअपचं तंत्र तिथून चांगलं शिकता येतं. पण प्रेक्षकाशी कसं बोलायचं हे शिकायला या नोव्हेंबरात बसने भंडाऱ्याकडे जा आणि एक रात्र गर्दीत उभा राहून बघ. नाच्या श्वास कुठे घेतो, टाळी पडल्यावर किती थांबतो, एखाद्याने अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर हसता हसता त्याला कसा लांब ठेवतो, एवढंच पाहा. पूर्व विदर्भातल्या वडसा आणि आसपासची झाडीपट्टी नाटकं दिवाळीनंतर रात्रभर चालतात. तीही बघ. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिला गावठी म्हणून नाक मुरडायचे दिवस सरले आहेत.

त्या परंपरेची दुसरी बाजूही नजरेआड करू नकोस. नाच्याला टाळ्या मिळाल्या, मान मिळाला नाही. गणपत पाटलांनी तमाशापटांमध्ये नाच्या अमर केला, आणि त्या भूमिकेची सावली त्यांच्या खासगी आयुष्यावर जन्मभर पडत राहिली. आपल्या सिनेमाने कितीतरी वर्षं तसा माणूस फक्त हसण्यासाठी वापरला. तुझा सिनेमा त्या हिशेबात कुठे बसतो हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, लवकर उरकतो पण पक्की लक्षात ठेव. ड्रॅग हे सादरीकरण आहे. ट्रान्स असणं, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून आपलं लिंग वेगळं असणं, ही ओळख आहे. ड्रॅग करणारा माणूस गे असू शकतो, ट्रान्स असू शकतो, बाई असू शकते, दोन पोरांचा बाप असू शकतो. हिजडा समाजाची स्वतःची घराणी आहेत, गुरु-चेल्याचं नातं आहे, रोजच्या जगण्याची लढाई आहे. त्यांची टाळी, त्यांची भाषा गंमत म्हणून तुझ्या पात्राला चिकटवू नकोस. त्यांच्यातलं कोणी सिनेमात हवं असेल तर त्यांनाच काम दे आणि पैसे दे.

आता पात्राकडे ये. तू पाठवलेल्या फोटोंत कपडे सुरेख आहेत, पण ती कोण आहे ते मला कळलं नाही. बहुतेक नवी मुलं इथेच अडतात. रूप आधी तयार होतं आणि बाई नंतर शोधतात. उलटं कर. ती किती वर्षांची? राहते कुठे, महालात की मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये? सासर आहे का? भिशी लावते का? बर्डीवर भाव करते की किंमत ऐकून पुढे चालू लागते? देवाला काय मागते? रागावली की ‘काहून बे’ म्हणते की एकदम शुद्ध बोलायला लागते? नागपुरी बोलीत जो ठसका आहे तो वापर. ‘काय करून राहिली तू’ हे वाक्य पदर खोचून म्हणणारी बाई नागपुरातल्या प्रत्येकाने पाहिली आहे. ती तुझ्या अंगात आली की प्रेक्षक तुझा झाला. माझ्या पाहण्यातली उत्तम ड्रॅग पात्रं कुणाची तरी आत्या, मावशी, शाळेतली कडक बाई अशी जन्माला आली. करणाऱ्याचा त्या बाईवर जीव होता. जीव नसेल तर बायकांची नुसती टिंगल उरते, आणि प्रेक्षकांतल्या बायकांना ते पहिल्या मिनिटात कळतं.

चालण्याचा सराव टाचेच्या चपला घालून गच्चीवर कर, तोही साडी नेसून, कारण निऱ्या पायात आल्यावर पाऊल आपोआप बदलतं. आपल्या मापाच्या टाचेच्या चपला तयार मिळणं कठीण. जुन्या जोडावर टाच बसवून देणारा मोची शोध. नितंबांचा भराव गादीवाल्याकडच्या फोमचा कर. पानाच्या आकारात काप, कडा कात्रीने निमुळत्या करत ने, नाहीतर साडीतून पायरी दिसते. वरून दोन-तीन जाड स्टॉकिंग चढवले की तो जागचा हलत नाही.

रंगभूषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण फोटोत हनुवटीखाली निळसर झाक दिसली म्हणून सांगतो. दाढी अगदी गुळगुळीत कर आणि अर्धा तास कातडीला शांत होऊ दे. जिथे सावली दिसते फक्त तिथे नारिंगी करेक्टर लाव, आपल्या सावळ्या कातडीला तो चालतो. त्यावर पावडर दाब, मग फाउंडेशन थोपटून लाव. घासलंस तर खालचा नारिंगी वर येतो. भुवया झाकायला शाळेतली पाण्याने धुतली जाणारी ग्लूस्टिक लागते. केस वरच्या दिशेने विंचर, पातळ थर दे, वाळू दे, पुन्हा थर, मग पावडर. लाकडाचा किंवा चामड्याचा गोंद चेहऱ्याला लावायचा नाही, कितीही पक्का बसत असला तरी. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. ओठांना शेंदूर लावायची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते. स्वस्त शेंदरात शिसं असू शकतं, तो तोंडाजवळ नको. केसांसाठी महागडा विग नसला तर गंगावन आणि आपला नेहमीचा अंबाडा यांनी पुष्कळ काम भागतं. लेस, टिकल्या, खोटे दागिने इतवारीत, कापड गांधीबागेत, लग्नाच्या साड्या आणि बाकी सामान केळीबाग रोडला. हे तुला ठाऊक असेलच.

रंगमंचाचा मेकअप लांबून बघण्यासाठी असतो, फोन दीड हातावर येतो. त्यामुळे नाकाच्या आणि गालाच्या रेघा सिनेमासाठी अर्ध्यावर आण आणि जबड्याची कड गळ्यात नीट मिसळ. ज्या उजेडात शूट करणार त्याच उजेडात मेकअप कर. बाथरूमच्या पांढऱ्या ट्यूबखाली केलेला चेहरा बाहेरच्या पिवळ्या बल्बखाली भलताच दिसतो.

आता गोष्ट. तुझ्या पत्रात एक ओळ तू सहज लिहून गेलास आणि मला तिथेच सिनेमा दिसला. शिंप्याची ओळ.

विचार कर. दुकान अरुंद, भिंतीला टांगलेले ब्लाऊज, एका बाजूला अस्तराचे ठाण. तू म्हणतोस, गॅदरिंगसाठी पाहिजे. तो माप घेतो. तुझ्या छातीचं माप घेतो, आणि ब्लाऊज तुलाच होणार हे त्याच्या टेपला कळलेलं असतं. तो काही बोलत नाही. विचारतो ते एवढंच: कटोरी टाकू का साधाच ठेवू, गळा मागून किती खोल, लटकन लावायचे का. दुसऱ्या वेळी तू जातोस तेव्हा खांद्याला घोळ आहे. तो स्वतःहून म्हणतो, ‘तुमच्या बहिणीचे खांदे रुंद दिसतात, इथे टीप मारून घेतो.’ बहीण नाही हे त्यालाही माहीत आहे आणि तुलाही. तिसऱ्या वेळी तो ब्लाऊज हातात देत म्हणतो, घालून या, फिटिंग पाहतो. आता तू काय करणार?

या प्रसंगात आरसा नाही, अश्रू नाही, भाषण नाही. आहेत ती कापडाच्या निमित्ताने एकमेकांना ओळखणारी दोन माणसं. शिंप्याला आपल्या कटिंगचा अभिमान आहे आणि तुला तुझ्या बाईचा. तो तुला स्वीकारतो की नाही हा प्रश्नही उघड विचारावा लागत नाही. त्याला फिटिंग बिघडलेलं चालत नाही, बस. माझ्या मते क्वीअर सिनेमा, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा माणसांची गोष्ट सांगणारा सिनेमा, आपल्या गावात असाच उभा राहू शकतो. मराठीत ते झालंही आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आला. गावातला दहा दिवसांचा दुखवटा, नातेवाइकांची वर्दळ, लग्नाची भुणभुण, आणि त्यातच दोन पुरुषांमधली जवळीक. कानवडे कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले नाहीत. आधी त्यांनी लघुपट केले. तुला पायरी कुठून सुरू होते ते यातून कळेल.

ड्रॅगपुरतं बोलायचं तर श्रीधर रंगायन यांनी ‘गुलाबी आईना’ हा ड्रॅग क्वीन मध्यभागी असलेला सिनेमा २००३ च्या सुमारास केला आणि सेन्सॉर बोर्डाने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. तो परदेशातल्या महोत्सवांतून फिरला. पुढे रंगायन यांनीच २०१० साली मुंबईत कशिश हा क्वीअर चित्रपट महोत्सव सुरू केला. तुझ्यासारख्याचा लघुपट आज मोठ्या पडद्यावर लागू शकतो तो अशा माणसांनी आधी खाल्लेल्या खस्तांमुळे. त्यांचं काम शोधून पाहा.

नाच ठेवायचाच असेल तर ठेव, पण नाचाआधीचे श्रम दाखव. साडीला पिना कुठे लावतोस, घामाने पापणी सुटते तेव्हा काय करतोस, चाळ बांधताना वाकल्यावर श्वास कसा अडकतो. पडद्यावर घडवण्याची प्रक्रिया दिसली की ‘ही कला आहे का’ हा प्रश्न प्रेक्षक विचारत नाही. आणि बघणारी माणसं दाखव. ड्रॅग एकट्याने पूर्ण होत नाही. बंद खोलीतला नाच कॅमेऱ्यासमोर केलास तर तो एकटेपणाचाच राहील. चार मित्रांना गच्चीवर बसव, त्यांच्यासमोर कर, आणि कॅमेरा निम्मा वेळ त्यांच्या चेहऱ्यांवर ठेव. कोण हसलं, कुणाची नजर खाली गेली, कोण ओठ हलवून गाणं म्हणतंय, हे सगळं तुला कुठलाही संवाद लिहून मिळणार नाही.

गाण्याविषयी मात्र हात आखडता घे. तुझ्या आराखड्यात हिंदी सिनेमाचं गाणं आहे. ते खोलीत ठीक. लघुपट महोत्सवाला पाठवायचा तर रेकॉर्ड कंपनीची, आणि शब्द-चालीचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची लेखी परवानगी लागते, ती तुझ्या खिशाला परवडणार नाही. भारतात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द-चाल मोकळी होते. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे काय करता येईल बघ. ‘मानापमान’ची पदं काकासाहेब खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. दोन्ही मोकळं झालं. एखाद्या शिकलेल्या गळ्याकडून भामिनीचं पद नव्याने गाऊन घे, साथीला पेटी आणि तबला, आणि त्यावर तुझी बाई ओठ हलवू दे. भामिनी स्वतःच त्या नाटकात गरीब वनमालेचा वेष घेऊन धैर्यधराची परीक्षा पाहते. वेषाच्या आत वेष. तुझ्या सिनेमाला याहून चांगलं गाणं मला सुचत नाही.

तांत्रिक बाबी मित्राला वाचून दाखव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून फोन २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर लाव, नाहीतर दिवे लुकलुकतात. त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक कर, नाहीतर लाल साडी मध्येच केशरी होते आणि चेहऱ्याचा रंग शॉटागणिक पालटतो. टिकल्यांच्या कपड्यावर समोरून उजेड मारू नकोस, बाजूने आणि जरा मागून मार, मग त्या हलताना चमकतात. डोक्यावरची ट्यूब बंद, ती डोळ्यांच्या खोबणीत काळोख पाडते. आवाज फोनच्या माईकवर घेऊ नकोस, कॉलरचा साधा माईक आण. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता शांत आवाज रेकॉर्ड करून ठेव, संकलनात तो सोन्याचा ठरतो. आणि शूट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात मेकअप वितळतो, कूलर लावला तर संवाद ऐकू येत नाही आणि बंद केला तर फोम-स्टॉकिंगमधला माणूस चक्कर येऊन पडतो. थंडीतही कंबर आवळलेली असताना दर तासाला सैल कर आणि पाणी पी. शिंप्याच्या दुकानाचं शूट सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत उरक. संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पैशांचं म्हणशील तर कर्ज काढू नकोस, एवढंच. मदतीला येणाऱ्यांचं जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र चुकवू नकोस.

आता घर. इथे मी घाई करणार नाही.

कायदा तुझ्या बाजूने बराच आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या, ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांवरच्या नालसा निकालात न्यायालयाने म्हटलं की पोशाख, बोलणं, वागणं यांतून आपलं लिंगभान व्यक्त करणं हे संविधानाच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. साडी नेसली म्हणून कोणी तुला गुन्हेगार ठरवू शकत नाही. पण कायदा न्यायालयात असतो आणि तू बाबांच्या घरात राहतोस, त्यांच्या पैशावर शिकतोस. घरी सांगणं ही शौर्याची परीक्षा नाही. पदवी हातात यायची आहे, स्वतःचं उत्पन्न सुरू व्हायचं आहे, आणि वाईटात वाईट झालं तर रात्री कुणाच्या दारात जायचं याचं उत्तर तुझ्याकडे आज नाही. ते मिळेपर्यंत सांगितलं नाहीस तर तू कमी खरा ठरत नाहीस. आईला बांगड्या कमी झालेल्या कळतात, हे तू लिहिलंस. कदाचित तिला त्याहून जास्त कळत असेल. तिच्याशी बोलायचं तर सिनेमा दाखवून नको. आधी साधं बोल, एकटी असताना, आणि तिला उत्तर द्यायला वेळ दे. सिनेमाच्या शेवटी आई मिठी मारते असा प्रसंग लिहायचा मोह होईल. तो प्रत्यक्षात घडल्यावर लिही.

घरी बोलायच्या आधी बाहेर आधार शोध. सारथी ट्रस्ट नागपुरात समलिंगी आणि ट्रान्स समाजासोबत अनेक वर्षं काम करतो. शहरात प्राइड मार्चही निघतो. आधी कडेने चालून बघ, कोण येतं ते पाहा. मन फारच खचलं तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. कुणी फोटो दाखवून पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही, संदेश पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

या धोक्यामुळेच सिनेमात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती तीनदा घे, असा माझा आग्रह आहे. शूटच्या आधी एकदा. संकलन झाल्यावर, त्याला त्याचे शॉट दाखवून, दुसऱ्यांदा. आणि इंटरनेटवर टाकण्याआधी तिसऱ्यांदा. हॉलमध्ये पन्नास माणसांनी पाहणं वेगळं आणि काकाच्या व्हॉट्सॲपवर क्लिप जाणं वेगळं. गच्चीवर बसलेल्या मित्रांपैकी कुणी संकलनानंतर नाही म्हटलं तर तो शॉट काढायचा, कितीही सुंदर असला तरी. वाद घालायचा नाही, मनधरणी करायची नाही. शूटच्या दिवशी अशा प्रत्येक प्रसंगाचा एक पर्यायी शॉट घेऊन ठेव, हात, पाय, पाठ यांचा. मग काढायची वेळ आली तरी सिनेमा मोडत नाही. श्रेयनामावलीत ज्याला जे नाव हवं ते द्यायचं, टोपणनाव चालेल. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, दाराची पाटी, गाडीचा नंबर यांवरून घर ओळखता येतं, फ्रेम लावताना तेही बघ. शिंप्यालाही हेच सगळं लागू आहे. त्याला गोष्ट पूर्ण सांग, अर्धी नको. नाही म्हणाला तर त्याला पुन्हा विचारू नकोस. एखाद्या नटाला घेऊन दुसऱ्या दुकानात कर, पण कात्री धरणारा हात खऱ्या शिंप्याचाच घे, तिथे खोटेपणा लपत नाही.

सिनेमा झाला की पहिला खेळ दहा-पंधरा विश्वासाच्या माणसांसाठी ठेव, कुणाच्या तरी हॉलमध्ये पांढरी चादर लावून. तिथे मोबाईल बाहेर ठेवायला सांग. त्यांना आवडला का असं विचारू नकोस, कुठे कंटाळा आला आणि कुठे कळलं नाही ते विचार. मग कशिशला पाठव, कोलकात्याच्या डायलॉग्ज महोत्सवाला पाठव. सार्वजनिक खेळ करायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना त्यासाठी सूट मिळवता येते, ते आयोजक पाहतात. प्रत्येक महोत्सवाचे नियम प्रवेशिकेआधी वाच. काहींना इंटरनेटवर आधीच आलेला सिनेमा चालत नाही. म्हणून यूट्यूबचा निर्णय वर्षभर पुढे ढकल. तोपर्यंत तुझी पदवीही झालेली असेल, आणि तिसरी संमती मागायला तू प्रत्येकाकडे पुन्हा जाशील तेव्हा त्यांनाही वर्षभर विचार करायला मिळालेला असेल.